नॉर्बर्ट वीनर : वडिलांनी घडवलेला मुलगा, भिंती ओलांडणारा गणिती



निकालाच्या दिवसांत शाळेत दोन प्रकारचे पालक भेटतात. एक सांगतात की पोरगं मुळातच हुशार आहे, आम्ही काहीच केलं नाही. दुसरे सांगतात की आम्ही मेहनत घेतली म्हणून एवढे मार्क पडले, नाहीतर याच्याकडून काय होणार होतं! हे दुसरे पालक बोलत असतात तेव्हा मुलगा शेजारीच उभा असतो आणि मान खाली घालून बुटाच्या नाडीकडे बघत असतो. असं एक पोर मागच्या निकालाला बघितलं आणि मला नॉर्बर्ट वीनर आठवले. तेही एकदा असेच उभे होते, फक्त त्यांच्या वडिलांनी ती गोष्ट एका शिक्षकापुढे नव्हे, तर मासिकातून सगळ्या अमेरिकेला सांगितली होती.

वीनर हे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत फारसं येत नाही. पण मोबाइलवर बोलताना मागचा गोंगाट कमी होतो, अंधूक आलेला फोटो किंवा स्कॅन गणिताने स्वच्छ करता येतो, यामागे जी गणितं आहेत त्यांतलं एक पायाभूत गणित त्यांचं आहे. त्याला आजही वीनर फिल्टर म्हणतात. रोज कानावर पडणारा ‘सायबर’ हा शब्दही त्यांच्याच एका पुस्तकाच्या नावातून पसरला.

घरातली शाळा

नॉर्बर्टचा जन्म 26 नोव्हेंबर 1894 रोजी अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, कोलंबिया या गावी झाला. वडील लिओ वीनर हे आज पोलंडमध्ये असलेल्या बियालिस्टोकचे. तरुणपणी अमेरिकेत आले, पडेल ते काम केलं आणि शेवटी हार्वर्ड विद्यापीठात स्लाव्ह भाषांचे प्राध्यापक झाले. किती भाषा येत होत्या याची मोजदाद करणं अवघड. टॉलस्टॉयचं समग्र साहित्य त्यांनी 24 खंडांत इंग्रजीत आणलं. माणूस जबरदस्त, आणि तितकाच तापट.

मुलगा तीन-चार वर्षांचा असतानाच वाचायला लागला. सात वर्षांचा झाल्यावर त्याला शाळेत घातलं, पण तिथे एक गंमत झाली. वाचनात तो वरच्या वर्गातल्या मुलांच्याही पुढे, आणि पाढ्यांत मात्र अडखळायचा, बोटं मोजायचा. आपल्याकडे असतं तर पाढे पाठ करायला बसवलं असतं. लिओंनी उलट केलं. मुलाला शाळेतून काढलं आणि घरी थेट बीजगणित सुरू केलं. त्यांचं म्हणणं असं की पोराला घोकंपट्टीचा कंटाळा आहे, विचाराचा नाही. शिक्षक म्हणून मला हे निदान आजही अचूक वाटतं.

उपचार मात्र भयंकर होता. वडिलांच्या टेबलासमोर उभं राहून धडा म्हणायचा. पहिली चूक होईपर्यंत सगळं गोड, गप्पा मारल्यासारखं चालायचं. चूक झाली की वडिलांचा आवाज चढायचा, जर्मन आणि इंग्रजी शिव्यांची सरबत्ती व्हायची, मुलगा रडायला लागायचा आणि आई मध्ये पडायची. शिवाय संध्याकाळी पाहुण्यांसमोर त्याच चुकांचे किस्से हसत हसत सांगितले जायचे. आठव्या वर्षी डोळे इतके खराब झाले की डॉक्टरांनी सहा महिने वाचन बंद करायला सांगितलं. तरी अभ्यास थांबला नाही. सगळं वाचून दाखवलं जायचं आणि नॉर्बर्टने ते मनातल्या मनात सोडवायचं. पुढे फळ्याशिवाय, कागदाशिवाय लांबलचक गणितं डोक्यात चालवण्याची जी ताकद त्यांच्यात दिसली, तिचं मूळ या सहा महिन्यांत आहे.

नवव्या वर्षी हायस्कूल, अकराव्या वर्षी टफ्ट्स कॉलेज, चौदाव्या वर्षी गणिताची पदवी. वर्तमानपत्रांनी अर्थातच डोक्यावर घेतलं. मग हार्वर्डमध्ये प्राणिशास्त्र घेतलं आणि तिथे पहिल्यांदा पार आपटला. जाड भिंगाचा चष्मा, हात अवघडलेले. सूक्ष्मदर्शकाखाली काप नीट बसेना, आकृती जमेना. प्रयोगशाळा सोडावी लागली आणि तत्त्वज्ञानाकडे जावं लागलं. डॉक्टर किंवा जीवशास्त्रज्ञ होण्याची त्याची खरी इच्छा तिथेच राहिली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1911 मध्ये एका अमेरिकन मासिकात मुलांच्या शिक्षणावर लेख आला. त्यात लिओंचं मत होतं की माझी मुलं काही जगावेगळी नाहीत, चारचौघांसारखीच आहेत, फरक आहे तो त्यांना दिलेल्या शिक्षणाचा. वडिलांच्या दृष्टीने हा शिक्षणाचा गौरव असेल. मुलाने त्याचा हिशेब वेगळा मांडला : नापास झालो तर ते माझं अपयश, पास झालो तर ते वडिलांचं यश. हा हिशेब वीनर आयुष्यभर विसरले नाहीत. चाळीसहून अधिक वर्षांनी, 1953 मध्ये, आत्मचरित्राचा पहिला भाग लिहिताना त्यांनी ही जखम पुन्हा उघडी केली.

त्याच काळात हार्वर्डमध्ये असाच आणखी एक मुलगा होता, विल्यम सिडिस. अकराव्या वर्षी प्रवेश, आणि चौमितीय आकृत्यांवर प्राध्यापकांसमोर व्याख्यान. पुढे त्याने सगळं सोडलं, छोट्या-मोठ्या कारकुनी नोकऱ्या करत जगापासून लपून राहिला आणि 1944 मध्ये, सेहेचाळिसाव्या वर्षी गेला. वीनरांना त्याच्याबद्दल फार वाटायचं. मोडण्याची शक्यता किती जवळून गेली हे त्यांना ठाऊक होतं.

नदीकाठची संस्था

अठराव्या वर्षी, 1913 मध्ये, नॉर्बर्टला हार्वर्डची पीएच.डी. मिळाली. मग इंग्लंडमध्ये केंब्रिजला बर्ट्रंड रसेल आणि हार्डी, जर्मनीत गॉटिंगनला हिल्बर्ट, असे एकापेक्षा एक गुरू भेटले. एवढं होऊनही परत आल्यावर धड नोकरी नाही. ज्ञानकोशासाठी नोंदी लिहिल्या, वर्तमानपत्रात बातमीदारी केली. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी मेरीलँडमध्ये सैन्याच्या चाचणी मैदानावर तोफगोळ्यांच्या पल्ल्याचे तक्ते तयार करायला बसले. हातयंत्रावर दिवसभर आकडेमोड. संगणक हा शब्द तेव्हा यंत्राला नव्हे, असं काम करणाऱ्या माणसाला लावत.

1919 मध्ये एमआयटीत गणित शिकवण्याची साधी नोकरी मिळाली. (आपल्या पुण्याची नव्हे, अमेरिकेतल्या केंब्रिज शहरातली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी.) त्या वेळी तिथला गणित विभाग म्हणजे इंजिनिअरिंगच्या मुलांना गणित शिकवण्यापुरता. संशोधनाची अपेक्षा फार कोणी करत नव्हतं. वीनर तिथे पुढची 45 वर्षं राहिले.

संस्था चार्ल्स नदीच्या काठावर. खिडकीतून पाण्याकडे बघताना लाटांचा गोंधळ गणितात कसा पकडायचा हा प्रश्न त्यांना पडला. पाण्यात तरंगणारा परागकणातला बारीक कण वेडावाकडा हलत राहतो, त्याच्या मार्गाचं काटेकोर गणित त्यांनी 1920 च्या दशकात मांडलं. शुद्ध गणित, कुणाला काय उपयोग, असं वाटावं. पण इंजिनिअर शेजारीच बसलेले. टेलिफोनच्या तारेतली खरखर हीसुद्धा अशीच बेशिस्त हालचाल, हे त्यांच्या लक्षात आलं. एकच गणित दोन्हीकडे चाललं.

एमआयटीच्या इमारती लांबच लांब बोळांनी एकमेकींना जोडलेल्या आहेत. एका विभागातून दुसऱ्यात जायला बाहेर पडावंच लागत नाही. वीनर या बोळांतून फिरत राहायचे. बुटका, जाडसर, दाढीवाला, हातात सिगार किंवा शेंगदाणे. कुणाच्याही खोलीत शिरायचे, काय चाललंय विचारायचे, आपलं काहीतरी सांगायचे आणि निघून जायचे. त्यांच्या विसराळूपणाचा एक किस्सा तिथे अजून सांगतात. बोळात एका विद्यार्थ्याशी बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं की मी आलो तेव्हा कुठल्या बाजूने येत होतो? विद्यार्थ्याने दिशा दाखवली तेव्हा ते खूश झाले, म्हणजे जेवण झालेलं आहे तर! खरा असो वा रचलेला, माणूस डोळ्यासमोर उभा राहतो. पण या फिरण्याला वेंधळेपणा समजू नका. विद्युत अभियांत्रिकीचे व्हॅनेव्हर बुश मोठं गणनयंत्र बांधत होते, त्यांच्याशी वीनरांची चर्चा याच बोळांतून सुरू झाली. सप्टेंबर 1940 मध्ये त्यांनी बुश यांना एक टिपण पाठवलं : यंत्र आकड्यांवर चालावं, दोनच अंकांची पद्धत वापरावी, चाकांऐवजी इलेक्ट्रॉनिक नळ्या असाव्यात, आणि एकदा सुरू केल्यावर मध्ये माणसाचा हात लागू नये. आजचा संगणक यापेक्षा वेगळा काय आहे? युद्धाच्या घाईत ते टिपण बाजूला पडलं.

विमान, तोफ आणि थरथरणारा हात

दुसऱ्या महायुद्धात प्रश्न आला विमानविरोधी तोफांचा. गोळा वर पोचायला कित्येक सेकंद लागतात, तोवर विमान पुढे गेलेलं असतं. म्हणजे विमान आहे तिथे नाही, असेल तिथे मारायचं. वीनर आणि तरुण इंजिनिअर ज्युलियन बिगेलो यांनी विमानाच्या आधीच्या हालचालीवरून पुढची जागा वर्तवण्याचं गणित तयार केलं. 1942 चा तो अहवाल इतका अवघड होता आणि त्याचं वेष्टन इतकं पिवळंधमक, की इंजिनिअरांनी त्याला टोपणनावच पाडलं, ‘पिवळं संकट’. रशियात कोल्मोगोरोव्ह यांनी स्वतंत्रपणे असंच गणित केलं होतं. गंमत म्हणजे वीनरांचं यंत्र तोफेवर कधी बसलंच नाही, चाचणीत साध्या पद्धतीही जवळपास तेवढ्याच बऱ्या ठरल्या. युद्धाला उपयोग झाला नाही, पण वीनर फिल्टर जगाला मिळाला.

आणखी एक गोष्ट मिळाली. तोफ निशाणाकडे वळते, किती चुकलं ते मोजते, तेवढी मागे-पुढे होते. चुकीची माहिती परत आत आणून दुरुस्ती करायची, हा फीडबॅक. आपण दुधाचा पेला उचलतो तेव्हाही डोळा आणि हात हेच करत असतात. पण दुरुस्ती जास्त झाली तर यंत्र निशाणाच्या इकडे-तिकडे हेलकावे खात बसतं. वीनर आणि बिगेलो यांना प्रश्न पडला : माणसाच्या शरीरात असा बिघाड होतो का? हा प्रश्न त्यांनी आर्तुरो रोझेनब्लूथ यांना विचारला.

रोझेनब्लूथ हे मेक्सिकोचे शरीरशास्त्रज्ञ. नदीपलीकडे, बोस्टनमध्ये हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेत काम करायचे. एमआयटीला स्वतःची वैद्यकीय शाळा नाही, आजही नाही. पण रोझेनब्लूथ दर महिन्याला एक जेवण ठेवायचे. गोल टेबल, वेगवेगळ्या विषयांची माणसं, एकाने निबंध वाचायचा आणि बाकीच्यांनी तो फाडून काढायचा. वीनर तिथले नेहमीचे. त्यामुळे प्रश्न विचारायला माणूस होता आणि उत्तरही तयार होतं. लहान मेंदूला इजा झालेल्या रुग्णाचा हात एरवी शांत असतो. पेला उचलायला पुढे केला की मात्र हेलकावे खायला लागतो, पेल्याच्या इकडे जातो, तिकडे जातो, पाणी सांडतं. तोफेचा आजार आणि माणसाचा आजार एकाच गणितात बसत होते. 1943 मध्ये तिघांनी मिळून त्यावर निबंध प्रसिद्ध केला.

मला या प्रसंगाचं फार अप्रूप वाटतं. विद्यापीठाने किती शोधनिबंध काढले, किती पेटंटं घेतली हे आज मोजलं जातं, याद्या लागतात. हा निबंध कुठल्या खात्यात मोजणार? अभियांत्रिकीच्या, गणिताच्या की वैद्यकाच्या? आणि ते जेवण कुठे मोजणार?

पुढे रोझेनब्लूथ मेक्सिकोच्या राष्ट्रीय हृदयरोग संस्थेत गेले तेव्हा वीनरही तिथे जाऊन राहू लागले. हृदयाच्या स्नायूतून विजेची लाट कशी पसरते आणि कधी ती गोल गोल फिरून ठोके बिघडवते, याचं गणित दोघांनी 1946 मध्ये मांडलं. प्रयोगशाळेतून बाहेर पडावं लागलेला पंधरा वर्षांचा मुलगा गणिताच्या दाराने जीवशास्त्रात परत आला होता. 1948 मध्ये ‘सायबरनेटिक्स’ हे पुस्तक आलं. शब्द ग्रीक आहे, सुकाणू धरणारा नाखवा असा त्याचा अर्थ. वाऱ्याने नाव जेवढी ढळेल तेवढं सुकाणू उलट वळवायचं, हाच फीडबॅक. समीकरणांनी भरलेलं ते पुस्तक सर्वसामान्य वाचकांनीही विकत घेतलं आणि ते रोझेनब्लूथ यांना अर्पण केलेलं होतं.

नकार

1946 च्या अखेरीस विमाने बनवणाऱ्या कंपनीतल्या एका इंजिनिअरने त्यांच्या युद्धकाळातल्या अहवालाची प्रत मागितली. काम होतं क्षेपणास्त्रांचं. हिरोशिमा नुकतंच घडलं होतं. वीनरांनी नकार दिला, आणि तो खाजगीत नव्हे तर मासिकात छापून दिला. लष्करी कामासाठी माझं संशोधन देणार नाही, असा त्याचा आशय. एमआयटीत त्या वेळी लष्कराचा पैसा पाण्यासारखा येत होता, त्यामुळे अनेक सहकाऱ्यांना हे रुचलं नाही. 1949 मध्ये त्यांनी मोटार कामगारांच्या संघटनेच्या अध्यक्षांना आपणहून पत्र लिहिलं आणि स्वयंचलित यंत्रं कारखान्यांतले रोजगार खातील, आत्ताच तयारीला लागा, असा इशारा दिला. ज्यांनी ही यंत्रं शक्य केली त्यांनीच हे सांगणं, हे मला मोठं वाटतं.

पण वीनरांना देवमाणूस करून चालणार नाही. वॉल्टर पिट्स हा गरीब घरातला, घरातून पळालेला, स्वतःच तर्कशास्त्र शिकलेला मुलगा 1943 मध्ये त्यांच्याकडे आला. त्याच वर्षी त्याने वॉरन मॅकलक यांच्याबरोबर मेंदूच्या पेशींचं तर्कगणित मांडलं होतं, ज्याला आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचं बीज म्हणतात. पिट्सने वीनरांना वडिलांच्या जागी मानलं. 1951-52 च्या सुमारास वीनरांनी मॅकलक, पिट्स आणि त्यांच्या सगळ्या मंडळींशी एका फटक्यात संबंध तोडले. घरातून कानावर आलेल्या गोष्टींवर त्यांनी विश्वास ठेवला असं चरित्रकार सांगतात. त्या मुलांना कारण सांगितलं गेलं नाही. पिट्सने आपला प्रबंध नष्ट केला, दारूकडे वळला, 1969 मध्ये एकाकी अवस्थेत गेला. वडिलांच्या एका वाक्याने आपलं काय झालं यावर ज्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं, त्यांना आपल्या मौनाने दुसऱ्या मुलाचं काय झालं हे दिसलं नाही.

आपल्याकडचा एक धागा सांगायचा राहिला. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी वडिलांबरोबर 1918 मध्ये अमेरिकेत गेले आणि शाळा व हार्वर्ड तिथेच केलं. तिथे तरुण वीनरांशी त्यांची ओळख झाली आणि मैत्री टिकली. हाही बहुभाषी, जबरदस्त विद्वान वडिलांचा मुलगा, आणि हाही गणितापुरता न थांबता नाणी, इतिहास, संस्कृत पाठसंशोधन असा सगळीकडे फिरलेला. 1953 च्या अखेरीस वीनर भारतात आले, मुंबईलाही आले. कोसंबी तेव्हा टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते आणि पुण्याहून डेक्कन क्वीनने रोज ये-जा करायचे. पुढे 1955-56 मध्ये वीनर कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काही महिने राहिले.

1961 मध्ये वीनर जिन्यावरून पडले आणि खुबा मोडला. बोस्टनच्या रुग्णालयात पडल्या पडल्या त्यांनी अस्थिरोग डॉक्टरांना जुनी कल्पना सांगायला सुरुवात केली : हात तुटला तरी उरलेल्या स्नायूंत मेंदूचा हुकूम विजेच्या बारीक संकेताने येतच असतो, तो पकडून कृत्रिम हाताची मोटर का चालवू नये? याआधी बहिऱ्यांसाठी आवाज बोटांच्या स्पर्शात उतरवणारा हातमोजा त्यांनी आणि सहकाऱ्यांनी करून पाहिला होता. तो काही वापरात आला नाही, पण त्यातला विचार मनात होता. या वेळी डॉक्टरांनी मनावर घेतलं. एमआयटीतले इंजिनिअर आले, त्यांत वीनरांचे शिष्य अमर बोस होते, तेच पुढे स्पीकरसाठी प्रसिद्ध झालेले बंगाली वडिलांचे बोस.

जानेवारी 1964 मध्ये वीनरांना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडून राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं. दोनच महिन्यांनी, 18 मार्च रोजी, स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठाचा जिना चढत असताना ते कोसळले. वय 69. हात अजून प्रयोगशाळेत होता. 1968 मध्ये बोस्टनमध्ये तो लोकांना दाखवला गेला. दंडाच्या स्नायूवर संकेत टिपणारी चकती, आत मोटर आणि बॅटरी. घालणाऱ्याने कोपर वाकवायचं मनात आणलं की ते वाकत होतं, आणि वजन किती आहे हे मोजून यंत्र आपला जोर कमी-जास्त करत होतं.